रोज खिशात ठेवायला घडीचा चाकू कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंजवडीत नोकरी, महिन्यातून एक-दोनदा सह्याद्रीत भटकंती, पावसाळ्यात रत्नागिरीकडच्या गावी फेरी. रोज खिशात राहील असा घडीचा चाकू हवा आहे, बजेट चार हजारांपर्यंत. यादीत सगळ्यांत वर आहे तो काळ्या पात्याचा, एका हाताने उघडणारा, चार इंची, 'डी-२' पोलादाचा चाकू. भाऊ जर्मनीत असतो, दिवाळीला येतोय, त्याच्याकडून मागवावा का? कायदा काय म्हणतो? आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय, "वेळ पडली तर स्वसंरक्षणालाही होईल."

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण चाकू निवडण्यातला निम्मा घोळ तिथूनच होतो. स्वसंरक्षण डोक्यातून काढून टाका. झटापटीत चाकू खिशातून काढून, उघडून, नीट धरण्याइतका वेळ आणि भान कुणाजवळ नसतं. उघडलाच तर आधी स्वतःची बोटं कापतात, आणि तो समोरच्याच्या हाती गेला तर बोलायलाच नको. पोलिसांनी विचारल्यावर "फळं कापायला ठेवलाय" आणि "रक्षणाला ठेवलाय" या दोन उत्तरांनंतरचा प्रवासही फार वेगळा असतो. पटाशी-पान्यासारखं कामाचं अवजार म्हणून बघायला लागलात, की काळं पातं, चार इंच लांबी आणि सैनिकी थाटाची मूठ यांतलं बरंच काही आपोआप गळून पडेल.

मी हत्यारं विकतो आणि धारही लावून देतो. त्यामुळे लोक हौसेने काय नेतात आणि पुढे काय घेऊन परत येतात, हे दोन्ही बघायला मिळतं. काळे, जाडजूड चाकू धारेला फारसे येतच नाहीत. त्यांची धार टिकते असं नाही, ते कपाटात पडून असतात. धारेला येतात ते लाल मुठीचे स्विस चाकू, लाकडी मुठीचे फ्रेंच ओपिनेल, आणि नर्सरीवाल्यांचे कलमाचे चाकू, ज्यांची पाती घासून घासून निम्म्यावर आलेली असतात. वापरात कोण आहे हे त्यावरून कळतं.

रोज काय कापता ते आठवून बघा. कुरियरचा खोका, चिकटपट्टी, सुतळी, केबल टाय, दुधाची पिशवी, पेरू, काकडी, ट्रेकला कांदा-टोमॅटो. यातल्या एकाही कामाला सहा-सात सेंटिमीटरपेक्षा लांब पातं लागत नाही. कलिंगडाला लागतं, पण कलिंगड खिशातल्या चाकूने कापायचं नसतं. आणि यादीत नुसते खोकेच निघाले तर चाकू घेऊच नका. स्टेशनरीच्या दुकानातला मोडत्या पात्याचा कटर घ्या. १९५६ साली जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी काढलेल्या या युक्तीला खोके फोडण्याच्या कामात आजही तोड नाही. धार गेली की टोक मोडायचं, संपलं. पुठ्ठा दिसतो मऊ, पण त्यात जुन्या कागदाचा लगदा, भरणीची माती, बारीक कच असते. महागातल्या महाग पोलादाची धारही तो आठवडाभरात खातो.

चाकू किती छान कापेल हे सगळ्यांत जास्त पात्याच्या जाडीवर ठरतं, आणि जाहिरातीत नेमकं तेवढंच सांगत नाहीत. एक जाडसं गाजर घ्या. पाठीला दोन मिलिमीटर जाड असलेल्या पात्याने चकती कापा. पातं सरळ खाली उतरतं, काप गुळगुळीत येतो, चकती जागच्या जागी आडवी पडते. आता तेच गाजर चार मिलिमीटर पाठीच्या पात्याखाली धरा. धार थोडी आत जाते, मग 'टक्क' आवाज येतो आणि गाजर धारेच्या पुढे पुढे तडकत जातं. पात्याने तिथे कापलेलं नसतं, पाचर मारलेली असते, आणि चकती उडून ताटाबाहेर गेलेली असते. दोन्ही चाकूंनी हातावरचे केस उतरत असले तरी गाजरावरचा हा फरक तसाच राहतो. तुमच्या यादीतला चाकू दुसऱ्या जातीचा आहे.

म्हणून पाठ दोन ते अडीच मिलिमीटर, फार तर तीन. पातं पाठीपासून धारेपर्यंत सलग निमुळतं होत आलेलं असावं. निम्म्या रुंदीपर्यंत जाड ठेवून मग एकदम तासलेलं नको. दुकानात मोजपट्टी काढायची गरज नाही. धारेची जी चमकती बारीक पट्टी दिसते ती बघा. ती जितकी रुंद, तितकं धारेच्या मागचं पातं जाड. केसासारखी बारीक पट्टी असेल तर पातं पातळ आहे.

आता पोलाद. यावर लोक रात्र रात्र वाद घालतात, आणि वाद घालणाऱ्यांपैकी पुष्कळांना दगडावर धार लावता येत नाही. 'डी-२' हे काही चाकूसाठी जन्माला आलेलं पोलाद नव्हे. भोसरी-चिंचवडच्या कुठल्याही टूलरूममध्ये विचारा, डाय-पंच बनवायला ते वापरतात. झिजेला चिवट, धार चांगली टिकवतं, यात खोटं काही नाही. पण त्यात क्रोमियम सुमारे १२ टक्के असलं तरी कार्बनही दीड टक्क्याच्या आसपास असतो, आणि बरंचसं क्रोमियम त्या कार्बनशी बांधलं जातं. गंज अडवायला मोकळं उरतं ते थोडं. पुण्यात चालून जाईल. जुलैत रत्नागिरीला, समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या हवेत, ओल्या पँटच्या खिशात दोन दिवस ठेवलात तर तांबूस ठिपके दिसतील. काळा लेप पात्याच्या अंगाला वाचवतो, धारेला नाही, कारण धार लावताना लेप आधीच निघालेला असतो. वर घरच्या दगडावर डी-२ घासताना हात दुखून येतात. नवशिक्याने पहिल्याच चाकूला हे पोलाद घेऊ नये असं माझं मत आहे.

त्यापेक्षा साधं, गंज न धरणारं, मध्यम कडकपणाचं पोलाद घ्या. पोलादाचा कडकपणा रॉकवेल 'सी' मापात मोजतात. स्विस व्हिक्टोरिनॉक्सची पाती साधारण ५६ च्या आसपास असतात. हौशी लोक त्याला 'मऊ' म्हणून नाक मुरडतात, पण त्या मऊपणामुळेच धार तुटत नाही आणि पाच मिनिटांत परत येते. ओपिनेलचं स्टेनलेस पातं स्वीडनच्या १२सी२७ पोलादाचं असतं. त्याचाच पुढचा भाऊ १४सी२८एन, तो दिसला तर डोळे मिटून घ्या; गंज कमी, धार बारीक लागते, घासायला त्रास नाही. चिनी चाकूंत ८सीआर१३ असं काहीतरी लिहिलेलं सापडेल, तेही कामाला वाईट नाही. एस३०व्ही वगैरे नावांच्या नादी या बजेटात लागू नका. आणि चाकूवर नुसतं 'स्टेनलेस स्टील' किंवा 'जपानी पोलाद' एवढंच छापलं असेल, नेमकं नाव कुठेच नसेल, आणि बनवणाराही ओळखीचा नसेल, तर तो परत ठेवा.

खटक्याबद्दल, म्हणजे उघडलेलं पातं अडकवून धरणाऱ्या कुलुपाबद्दल, गैरसमज फार. खटका असला की चाकू सुरक्षित, असं लोक धरून चालतात. घडीचा चाकू बोटांवर मिटतो तो दोन वेळी: टोकाने भोसकताना, आणि पात्याची पाठ कशावर तरी आपटली तर. खाली दाबून कापताना पातं उलट आणखी उघडायच्या दिशेने रेटलं जातं, तिथे खटक्याचं कामच नसतं. फळं, सुतळी, खोके एवढंच असेल तर बिनखटक्याचा, नुसत्या पाठीच्या पट्टीच्या ताणावर उभा राहणारा चाकू पुरतो. स्विस चाकूंचे बहुतेक नेहमीचे प्रकार असेच आहेत. ट्रेकला लाकूड तासणं वगैरे करणार असाल तर खटका बरा. मात्र खटका आहे म्हणून पात्याने डबा उचकटायचा नाही, स्क्रू फिरवायचा नाही. टोक मोडलेले जे चाकू माझ्याकडे येतात, त्यांपैकी बहुतेकांचं टोक कुठल्यातरी डब्याच्या झाकणात राहिलेलं असतं.

खटक्याचे प्रकार पुष्कळ. पाठीवर कळ दाबायची तो जुना प्रकार दणकट, डावखुऱ्यांनाही सोयीचा, फक्त मिटायला बहुधा दोन हात लागतात. मुठीच्या आतली पत्र्याची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते तो प्रकार आज सगळ्यांत जास्त दिसतो. त्यात दुकानातच एक गोष्ट बघून घ्या. पातं उघडा आणि मुठीच्या फटीतून वरून बघा: पट्टी पात्याच्या बुडाच्या साधारण पाव ते अर्ध्या रुंदीवर टेकलेली हवी. अगदी कडेला नखभरच टेकली असेल तर दाबाने घसरेल. पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली असेल तर आत्ताच झिजलेली आहे, पुढे पातं डुगडुगणार. मग पात्याची पाठ लाकडी फळीवर टेकवून हळूहळू दाब वाढवा, बोटं मिटण्याच्या वाटेत न ठेवता. काही लोक पाठ टेबलावर दणादण आपटून परीक्षा घेतात, तसं करू नका. चांगला खटकाही त्याने बिघडतो आणि दुकानदार वैतागतो तो वेगळाच.

बाकीची पारख पटकन होते. उघडलेलं पातं पाठीकडून चिमटीत धरून आडवं-उभं हलवा, खडखड नको. मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध बसलेलं दिसावं. मिटलेला चाकू उलटा धरून झटका द्या. पातं स्वतःहून बाहेर डोकावलं तर तो खिशात घालायच्या लायकीचा नाही. आणि मिटलेल्या मुठीवरून बोट फिरवा, टोक किंवा धार कुठेही लागता कामा नये. स्विस चाकूत पातं उघडताना-मिटताना शेवटी स्वच्छ 'टक' आवाज येतो. तो लोळा-गोळा, गिळगिळीत वाटला तर समोरचा माल नकली असण्याची शक्यता दाट. लाल मुठीवर पांढरा क्रॉस कुणीही छापू शकतो, फुटपाथवर ढिगाने मिळतात. खऱ्यात मोठ्या पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव पोलादातच ठसवलेलं असतं, आणि थरांमधून उजेड दिसत नाही.

वजनाचं कुणी बोलत नाही, पण चाकू घरी राहायला लागतो तो वजनामुळेच. दीडशे ग्रॅमचा चाकू ऑफिसच्या सुती पँटचा खिसा खाली ओढतो, चालताना मांडीवर आपटतो, आणि तिसऱ्या आठवड्यात तो बॅगेत जातो. तिथून ड्रॉवरमध्ये. शंभर ग्रॅमच्या आत राहा, साठ-सत्तर असेल तर उत्तम. खिशाच्या कडेला अडकवायची क्लिप सोयीची असते खरी, पण आपल्याकडे ती बाहेरून दिसते आणि लोकांच्या नजरा तिकडे जातात. लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या माणसाला दचकवायचं काही कारण नाही. चाकू खिशाच्या तळाशी, चामड्याच्या छोट्या पाकिटात.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ चा, आणि त्याखाली शस्त्र नियम २०१६. नियमांच्या पहिल्या अनुसूचीतल्या धारदार शस्त्रांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. पावणेतीन इंची स्विस चाकू या मापाच्या आसपासही फिरकत नाही. पण तेवढ्यावर विसंबू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रं, सुऱ्या, लाठ्या-काठ्या बाळगायला बंदी घालू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे अशा वेळी असे आदेश निघतात आणि वर्तमानपत्रात छापून येतात. त्या दिवसांत चाकू घरी. दिल्लीला जाणं-येणं असेल तर तिथे बटणाच्या आणि गरारीच्या (उघडताना दात्यांमुळे करकरणाऱ्या) चाकूंसाठी ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीची वेगळी अधिसूचना आहे. एकूणच बटण दाबलं की फट्कन उघडणारे चाकू भारतात कुठेही खिशात ठेवू नका. सिनेमांनी रामपुरीला जे नाव मिळवून दिलं ते पोलिसांच्याही डोक्यात आहे. खुद्द रामपूरने २०२३ साली चौकात वीसेक फुटी चाकू उभारून ती ओळख मिरवली, पण चौकातला चाकू वेगळा नि खिशातला वेगळा.

मेट्रो, मॉल, कोर्ट, मंत्रालय, क्रिकेटचं मैदान, सगळीकडे तपासणी आहे. यंत्राने पकडला की हुज्जत घालू नका. तुमच्या कंपनीच्या गेटवरचे नियमही आधी विचारून घ्या. आयटी पार्कमध्ये सुरक्षारक्षकाशी वाद घालून कुणाचं भलं झालेलं मी ऐकलेलं नाही. साध्या, लाल मुठीच्या, कात्री-चिमटा असलेल्या चाकूकडे बघून रक्षक बहुधा हसून सोडतो किंवा टोकन देऊन ठेवून घेतो. काळ्या पात्याच्या चार इंची चाकूला ती सवलत मिळत नाही. माप दोन्हींचं कायद्यात बसत असलं तरी.

तर घ्यायचा कोणता? माझ्या मते तुमच्यासाठी दोनच.

पहिला व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटर मुठीचा साधा प्रकार. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९७ मध्ये 'ऑफिसर' चाकूची नोंदणी केली; मूळ घडण अजून तीच आहे. 'स्पार्टन' हा त्यातला पातळ आणि स्वस्त. थोडे जास्त पैसे घालता आले तर कात्री असलेला 'क्लायंबर' घ्या. बॅगेच्या पट्ट्याचा सुटलेला दोरा, फोडावर लावायची पट्टी, औषधाची स्ट्रिप, यांना कात्रीच लागते, आणि चारचौघांत चाकू बाहेर काढण्यापेक्षा कात्री काढलेली बरी दिसते. मुठीत खोचलेला चिमटा ट्रेकला सगळ्यांत जास्त वापरला जातो. करवंदीचा किंवा बाभळीचा काटा तळव्यात मोडला की मोठ्या पात्याची आठवणही येत नाही. बाटलीची बुचं उघडायचा मळसूत्री आकडा तुम्हाला नको असेल तर फिलिप्स स्क्रूड्रायव्हर असलेला 'टिंकर' बघा. तीस-पस्तीस अवजारांचा जाडा ठोकळा मात्र घेऊ नका, तो फक्त मित्रांना दाखवायला.

डावखुरे असाल तर एक सूचना. या चाकूंच्या पात्यावरची नखाची खाच उजव्या हाताच्या सोयीने केलेली असते. जमतं, पण सवय करावी लागते. दुकानात उघडून बघा.

दुसरा ओपिनेल, आठ नंबर. फ्रान्सच्या सावोआ डोंगराळ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये तो बनवायला सुरुवात केली. बीच लाकडाची गोल मूठ, साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, आणि १९५५ पासून मुठीच्या तोंडाशी फिरणारी पोलादी कडी, तीच खटक्याचं काम करते. पन्नास ग्रॅमच्या आतबाहेर वजन. फळं-भाज्या कापायला या पैशात याच्यासारखा चाकू नाही. गाजराची परीक्षा हा हसत हसत पास होतो. पातं सुचवलेल्या लांबीपेक्षा जरा मोठं आहे, ते खुपत असेल तर सात नंबर घ्या. कार्बन आणि स्टेनलेस अशी दोन पाती येतात. कार्बन पात्याला धार अप्रतिम लागते, पण कैरी किंवा लिंबू कापून तसंच मिटलंत तर तासाभरात पातं काळंनिळं. तो काळेपणा वाईट नसतो, उलट गंजाला थोडं अडवतो. वाईट असतो तो तांबडा. तुमचं कोकणात जाणं-येणं बघता स्टेनलेसच घ्या.

ओपिनेलची खोड पावसाळ्यात कळते. लाकूड दमट हवेने फुगतं आणि पातं मुठीत असं घट्ट बसतं की नख तुटेल पण ते हलणार नाही. तिथल्या लोकांनी यावर तोडगा काढून ठेवला आहे: मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलावर हलकेच ठोकायचं, पातं जरासं वर येतं, मग चिमटीत धरून उघडायचं. कायमचा उपाय म्हणजे मे महिन्यात, लाकूड खडखडीत कोरडं असताना, सांध्याच्या फटीत थोडं जवसाचं तेल मुरवायचं आणि दोन दिवस चाकू उघडा ठेवून वाळवायचा. एकदा करून भागत नाही, दर उन्हाळ्यात करा.

रोजच्या ऑफिसला स्विस, ट्रेकच्या बॅगेत ओपिनेल, असं पुढेमागे दोन्ही झालं तरी हरकत नाही. आज एकच घ्यायचा तर स्विस.

चार हजारांतले तीन-चारशे रुपये धारेच्या दगडासाठी बाजूला ठेवा, हे मी आग्रहाने सांगतो. एका बाजूने खरखरीत, दुसरीने मऊ असा दगड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. दगडावर तेलाचा किंवा पाण्याचा हात फिरवा, जे एकदा वापराल तेच कायम. पातं दीड सेंटिमीटर रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण पाच मिलिमीटर उचला, म्हणजे वीस अंशांच्या आसपास कोन येतो. दगडावरून साईचा पातळ पापुद्रा काढायचाय अशा बेताने धार पुढे करून ढकला, बुडापासून टोकापर्यंत, टोकाशी मनगट जरा वर. सात-आठ हात झाले की दुसऱ्या बाजूवर बोटाचं पेर पाठीकडून धारेकडे अलगद नेऊन बघा. काठावर बारीक खरखर लागली पाहिजे, नखाला अडकेल अशी. ती सगळ्या लांबीभर लागली की बाजू बदला. ती लागलीच नाही, तर धारेपर्यंत तुम्ही पोचलेलाच नाहीत, कोन थोडा वाढवा. पुढे मऊ बाजूवर हलक्या हाताने आलटून पालटून, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलटं ओढायचं, वस्तरा ओढतात तसं. पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पातं नुसतं ठेवून ओढा. दाबावं न लागता साल कापली तर झालं.

रस्त्यावरच्या चाकावर स्वयंपाकघराचा सुरा देता, तसा हा देऊ नका. कोरडं चाक वेगात फिरतं, पात्याची बारीक कड क्षणात तापते, आणि त्यावर निळसर झाक आली की तेवढ्या भागाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं समजा. पुढे कितीही घासलंत तरी तिथली धार दोन दिवस टिकत नाही. कारागिराचा दोष नाही, त्याचं चाक विळ्या-कोयत्यांसाठी आहे. 'व्ही' आकाराच्या फटीतून पातं ओढायची स्वस्त यंत्रंही टाळा, ती धार लावण्यापेक्षा पोलाद ओरबाडतात.

देखभाल म्हणाल तर फळ कापल्यावर पातं धुऊन पुसायचं आणि कोरडं झाल्यावरच मिटायचं, एवढंच. चिकटपट्टीचा गोंद पात्याला धरला असेल तर खोबरेल तेलाच्या बोळ्याने निघतो. पण सांध्यात खोबरेल सोडू नका, काही महिन्यांनी त्याचा चिकट थर होतो आणि डिसेंबरात पुण्याच्या थंडीत ते गोठतं. सांध्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खाण्याचे पदार्थ कापायचे असल्यामुळे मन धजत नसेल तर औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणा, चव-वास काही नाही आणि पोटात गेलं तरी चालतं. गावाहून आलात की स्विस चाकू सगळी पाती उघडून कोमट साबणपाण्यात हलवा, खडखडीत वाळवा, मग तेल.

राहिला भाऊ. स्विस आणि ओपिनेल दोन्ही भारतात मिळतात आणि एरवी दोन्ही तुमच्या बजेटात बसतात, त्यामुळे त्याला त्रास देण्याची गरज नाही. तरी सोलिंगनचा चाकू हवा असेल, तर पात्यावर 'सोलिंगन' हा ठसा आहे का ते त्याला बघायला सांगा. ते नाव जर्मन कायद्याने राखलेलं आहे, आणि त्याच गावच्या नामांकित कंपन्यांच्या स्वस्त मालिका चीनमध्ये बनून येतात. त्या वाईट नसतात, पण त्या तुम्हाला इथेही मिळतील. तुमच्या यादीतला तो एका हाताने उघडणारा, खटक्याचा चाकू मागवणार असाल तर भावाला आधीच कल्पना द्या, की तसा चाकू जर्मनीत सबळ कारणाशिवाय अंगावर बाळगायला २००८ पासून मनाई आहे, आणि २०२४ मध्ये जत्रा-उत्सवांतले आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांतले नियम आणखी आवळले गेले. दुकानातून घरी नेताना खोक्यात बंदच असू द्यावा. (लंडनकडे कुणी असेल तर तिथला नियम आणखी वेगळा: बिनखटक्याचं, तीन इंचांपर्यंतचं घडीचं पातं विनाकारणही चालतं, खटकेवाल्याला सबळ कारण लागतं.)

आणि चाकू चेक-इन बॅगेतच, हे त्याला दोनदा सांगा. युरोपच्या नियमांत सहा सेंटिमीटरपर्यंतचं पातं केबिनमध्ये चालतं, त्यामुळे तिकडे राहणारी माणसं बेफिकीर असतात. दिल्लीला किंवा मुंबईला उतरून पुण्याच्या विमानात बसताना पुन्हा तपासणी होते, आणि तिथे लहानातलं लहान पातंसुद्धा काढून ठेवून घेतात.